चिन्हांआधी अक्षरं वाचा: बेने इस्रायल दृश्यकलेचा अभ्यास करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या नवोदितांसाठी

ज्यू कलेचा अभ्यास म्हटलं की डोळ्यांसमोर जेरुसलेम, प्राग किंवा न्यूयॉर्कची संग्रहालयं येतात. मराठी वाचणाऱ्या माणसासाठी मात्र या अभ्यासाचं एक दार अलिबाग, पेण, पनवेल, ठाणे, मुंबई आणि पुण्यात उघडतं. बेने इस्रायल समाजाने, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या 'शनवार तेल्यांनी', सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळं बांधली, मराठी-हिब्रू पुस्तकं छापली, थडग्यांवर बाळबोध लिपीत मजकूर कोरला. जगभरच्या अभ्यासकांना हा मजकूर वाचायला दुभाष्या लागतो, आपल्याला लागत नाही. या मार्गदर्शकात विद्यार्थी, शिक्षक, हौशी छायाचित्रकार आणि वारसा-फेऱ्या काढणाऱ्यांनी सुरुवात कशी करावी ते सांगितलं आहे.

आधी दोन गैरसमज दूर करा

पहिला गैरसमज असा की ज्यू धर्मात चित्रं निषिद्ध आहेत, त्यामुळे ज्यू कला फारशी नाहीच. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथल्या सिनेगॉगच्या भिंती १९३२ मध्ये उजेडात आल्या. त्या तिसऱ्या शतकातल्या आहेत आणि बायबलमधल्या प्रसंगांनी, माणसांच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. इस्रायलमधल्या बेत आल्फा सिनेगॉगच्या जमिनीवर सहाव्या शतकातलं बारा राशींचं मोझेक आहे. बंदी मूर्तिपूजेवर होती, आणि तिचा अर्थ प्रत्येक काळात, प्रत्येक गावात वेगळा लावला गेला. म्हणून 'या समाजाने, या वर्षी, या वस्तूवर काय चालवून घेतलं' असा प्रश्न विचारावा.

दुसरा गैरसमज जास्त नडतो: षट्कोनी तारा दिसला की वास्तू ज्यूंची. षट्कोन आपल्याकडे पूजेच्या यंत्रांत आहे, दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यावर आहे, जुन्या वाड्यांच्या लाकूडकामातही सापडतो. 'मागेन दावीद', म्हणजे हाच तारा, ही ज्यूंची सर्वमान्य खूण म्हणून युरोपात पसरली तीच मुळात उशिरा, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. सात फांद्यांचा दीप, मेनोरा, हे त्याहून कितीतरी जुनं चिन्ह. त्यामुळे एकट्या ताऱ्यावरून वास्तूची ओळख ठरवू नका, कालनिर्णय तर मुळीच करू नका. आधी मजकूर वाचायचा, मग चिन्हाकडे वळायचं.

विषय लहान घ्या

'महाराष्ट्रातील ज्यू कला' हा विषय पहिल्या वर्षी घेऊ नये. एका दफनभूमीतल्या ४० कबरी, एका सिनेगॉगमधल्या सगळ्या देणगी-पाट्या, किंवा एका कुटुंबाचा फोटो-अल्बम, यांतलं काहीतरी एक घ्यावं. ४० कबरींची नीट नोंद करायला दोघांना चार ते पाच सकाळी लागतात आणि मजकूर उतरवून तपासायला त्याच्या तिप्पट वेळ जातो. नवशिके हा दुसरा वेळ धरतच नाहीत, आणि मग हजार फोटो जमतात पण वाचलेला दगड एकही नसतो.

बेने इस्रायल आणि बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेले ज्यू, हे दोन वेगळे समाज आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. पुण्याचं 'लाल देऊळ', म्हणजे ओहेल दावीद, आणि मुंबईच्या फोर्टमधलं १८८४ चं केनेसेथ एलियाहू हे दोन्ही सिनेगॉग बगदादी ससून घराण्याची बांधकामं. डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आला. बेने इस्रायल त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून कोकणात तेल गाळत होते आणि मराठी बोलत होते. देणगीच्या पाटीवरची भाषा पाहिली तरी बऱ्याचदा फरक कळतो: एकीकडे हिब्रू आणि इंग्रजी, दुसरीकडे हिब्रू आणि मराठी.

परवानगी आणि रीत

सिनेगॉगच्या विश्वस्तांना किमान दोन आठवडे आधी पत्र द्या. कोण येणार, किती वाजता, कशाचे फोटो काढणार आणि ते कुठे वापरणार हे त्यात स्पष्ट लिहा. ओळखपत्राची प्रत जोडा. २००८ च्या हल्ल्यात मुंबईतलं नरिमन हाउस हे ज्यू केंद्र लक्ष्य झाल्यापासून सुरक्षेची चौकशी कडक असते आणि तशी ती असायलाच हवी. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो. त्या वेळात कॅमेरा, वही, टेप काहीही काढू नये. सणांचंही तसंच, म्हणून तारीख ठरवण्याआधी हिब्रू पंचांग पाहून घ्या.

आत जाताना डोकं झाका. चपला बाहेर काढायच्या का, हे दारातच विचारा. प्रत्येक ठिकाणची पद्धत सारखी नाही. सेफेर तोराच्या, म्हणजे हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या, चर्मपत्राला बोट लावायचं नाही. गुंडाळी उघडून दाखवायचा आग्रह धरायचा नाही. दफनभूमीत थडग्यांवरून चालू नये, बॅगही टेकवू नये. बाहेर पडताना हात धुण्याची रीत आहे, ती पाळा.

सिनेगॉग कसा पाहावा

आत शिरल्यावर आधी होकायंत्र काढा. प्रार्थनेची दिशा जेरुसलेमची, म्हणून आपल्याकडे हेखाल, म्हणजे तोरा ठेवण्याचं कपाट, सामान्यतः पश्चिमेच्या भिंतीत असतं. युरोपातली पुस्तकं वाचून आलेला विद्यार्थी ते पूर्वेला शोधतो. हेखालसमोरचा पडदा म्हणजे परोखेत. मधोमध कठडा असलेला उंचवटा म्हणजे तेबा. तिथून हजान प्रार्थना चालवतो. वरची गॅलरी बायकांची. बाजूला ठेवलेली, बहुधा कुणी न बसणारी खुर्ची एलियाहू हानाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची. सुंतेच्या विधीत तिचं काम असतं. या पाच गोष्टी आलेख कागदावर १:१०० प्रमाणात मांडल्या की निम्मं काम झालं. मग भिंतीवरच्या पाट्या घ्या. प्रत्येक पाटीला क्रमांक द्या आणि तो नकाशावर त्याच जागी लिहा.

पाटीवरचं वर्ष म्हणजे इमारतीचं वर्ष असं समजू नका. मुंबईचा शआर हारहमीम सिनेगॉग समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये स्थापन केला, पण सध्याच्या जागी तो १८६० मध्ये आला. (जुन्या पिढीत सिनेगॉगला 'मशीद'च म्हणत, मशीद बंदर स्टेशनाचं नाव यावरूनच पडल्याचं सांगितलं जातं.) ओहेल दावीदचं काम १८६३ मध्ये सुरू झालं आणि १८६७ मध्ये संपलं, ते सुरू करणारा डेव्हिड ससून १८६४ मध्येच वारला होता आणि त्याची कबर त्याच आवारात आहे. म्हणजे एकाच वास्तूसाठी पायाभरणी, देणगी, मृत्यू आणि उद्घाटन अशा चार तारखा असू शकतात. तुमच्या नोंदीत 'कशाची तारीख' हा रकाना वेगळा हवा.

कबरींचे फोटो

इथे सर्वांत जास्त चुका होतात. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पावसाळ्यात गवत कमरेएवढं असतं, दगडावर शेवाळ चढलेलं असतं आणि साप असतात. गवत कापायचं असेल तर ते विश्वस्तांकरवी करून घ्या.

भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत झिजलेली अक्षरं सपाट दिसतात, कारण खोलगट भागात सावलीच पडत नाही. उजेड दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून यायला हवा, साधारण १० ते २० अंशांनी. सकाळचा पहिला तास किंवा संध्याकाळचा शेवटचा तास यासाठी बरा. दगडाचं तोंड उत्तरेला असेल तर ३० × ४५ सेंटिमीटरचा साधा आरसा घेऊन, बाजूला दीड-दोन मीटरवर उभं राहून ऊन तिरकं फेका. झाडाखाली काळी छत्री धरून टॉर्च बाजूने लावा. उजेड एकदा डावीकडून आणि एकदा वरून घ्या, कारण आडव्या रेघा एकात हरवतात आणि उभ्या दुसऱ्यात. देवनागरीची शिरोरेषा डावीकडच्या उजेडात गायब होते. हिब्रूतही दालेत आणि रेश या अक्षरांमधला फरक फक्त वरच्या कोपऱ्याचा आहे, तो एकाच उजेडात कळत नाही.

प्रत्येक कबरीचे किमान चार फोटो काढा: मोजपट्टीसह पूर्ण दगड, मजकुराचे एकमेकांवर थोडे चढणारे दोन तुकडे, आणि शेजारच्या कबरींसह एक लांबून. मागची बाजूही पाहा. फाइलच्या नावात गाव, रांग, क्रमांक आणि फोटोचं अक्षर ठेवा: 'पनवेल-रांग३-१२-अ'. रांगा फाटकापासून मोजा आणि तसं नकाशावर लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने तुमची रांग ३ कोणती हे तुम्हालाच कळणार नाही.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा दाढीचा फेस कधीही लावू नये. खडूचे कण दगडाच्या छिद्रांत बसतात, पिठावर बुरशी येते, फेसातली रसायनं आत मुरतात. व्हिनेगर किंवा लिंबू संगमरवराला अक्षरशः खातं. तारेचा ब्रश तर हातातही घेऊ नये. साध्या पाण्याचा फवारा आणि मऊ केसांचा ब्रश एवढंच चालतं, आणि पापुद्रे सुटलेल्या दगडावर तेही नाही. संगमरवरात शिशाची अक्षरं बसवलेली असतील आणि ती गळून पडली असतील, तर खुंट्यांची बारीक भोकं उरतात. ती जोडून अक्षर ओळखता येतं, म्हणून त्या भोकांचा जवळून फोटो घ्या.

तारीख काढणं

हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते. आलेफ ते तेत म्हणजे १ ते ९, योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०, कोफ १००, रेश २००, शिन ३००, तव ४००. दगडावर बहुधा हजाराचा आकडा गाळलेला असतो. तव-रेश-नून-हे असं दिसलं तर ४०० + २०० + ५० + ५ = ६५५, म्हणजे सृष्टिवर्ष (जगाच्या निर्मितीपासून मोजलेलं हिब्रू वर्ष) ५६५५. या लहान आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येतो: १८९५. पण हिब्रू वर्ष तिश्रीत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, सुरू होतं. म्हणून तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना १२३९ मिळवायचे.

मराठी मजकुरात शके दिला असेल तर ताळा करता येतो. शकात ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुनअखेरपर्यंत ७९. वरच्या दगडावर महिना शेवात असेल आणि मराठीत 'माघ, शके १८१६' असेल, तर १८१६ + ७९ = १८९५. दोन्ही बाजू जुळल्या, वाचन बरोबर.

हे जुळण्यामागे कारण आहे. दोन्ही पंचांगं चांद्र-सौर आहेत, दोन्हींत महिना अमावास्येनंतर सुरू होतो आणि दोन्हींत अधिक महिना घालतात. त्यामुळे शेवात आणि माघ, अदार आणि फाल्गुन, निसान आणि चैत्र साधारण बरोबर चालतात. अदारमधल्या पुरीम या सणाला बेने इस्रायल 'होळीचा सण' म्हणत ते यामुळेच. दोन्ही सण पौर्णिमेच्या आसपास येतात. मात्र अधिक महिना दोन्हीकडे एकाच वेळी येत नाही, म्हणून एका महिन्याचा फरक दिसला तर लगेच चूक समजू नका. एका दिवसाचा फरकही चालतो: हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, आणि रात्री वारलेल्या माणसाची हिब्रू तारीख पुढच्या दिवसाची असते.

चुका ठरलेल्या आहेत. दालेत ४ आणि रेश २००, हे ५ आणि खेत ८, बेत २ आणि काफ २० यांची गल्लत होते. १५ आणि १६ हे आकडे १०+५, १०+६ असे लिहीत नाहीत, कारण तसं केल्यास देवाच्या नावाची अक्षरं होतात. ते ९+६ आणि ९+७ असे लिहितात. हे माहीत नसलेला माणूस तारीख दुरुस्त करायला जातो. सुरुवातीची पे-नून ही दोन अक्षरं म्हणजे 'इथे पुरला आहे' याचं संक्षिप्त रूप, आणि शेवटची पाच, तव-नून-त्सादी-बेत-हे, म्हणजे 'त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो'. यांची बेरीज करून वर्ष काढू नका.

मजकूर उतरवताना ओळ तिथे ओळ. मराठीचं शुद्धलेखन सुधारू नका. 'इसराएल', 'इस्राएल', 'इश्राएल' यांतलं जे कोरलंय तेच लिहा. न दिसणारं अक्षर चौकोनी कंसात ठेवा. नावांकडे नीट लक्ष द्या: शआर हारहमीमचे समाजी हसाजी म्हणजेच सॅम्युएल इझिकेल. आडनावातलं गाव (दिवेकर, पेणकर, किहीमवरून केहिमकर) हे मूळ गाव आहे, कबरीचं गाव नव्हे. कुटुंबाचं स्थलांतर या दोहोंतल्या अंतरावरून कळतं.

आणि आता चिन्हं. पूर्व युरोपातल्या थडग्यांवर आशीर्वादाचे दोन हात कोहेनांसाठी (पुरोहित घराणी) आणि पाण्याचा तांब्या लेवींसाठी (त्यांचे मदतनीस) असतो. बेने इस्रायलांमध्ये परंपरेने कोहेन-लेवी घराणी नाहीत. त्यामुळे अशा खुणांच्या गैरहजेरीवरून 'परंपरा विसरली गेली' असा निष्कर्ष काढणं म्हणजे निव्वळ अज्ञान.

घरातली चित्रं आणि छापील पानं

कबरींइतकीच महत्त्वाची सामग्री कपाटांत आहे: लग्नाचा करार म्हणजे केतुबा, पांढऱ्या साडीतल्या नवरीचे फोटो, आमंत्रणपत्रिका, आणि भिंतीवरचं रथातून आकाशात जाणाऱ्या एलियाहू हानाबीचं छापील चित्र. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. मलिद्याच्या ताटाची, म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे, फळं आणि फुलं यांची, मांडणीही दृश्यसंस्कृतीच. ताटाचा फोटो वरून घ्या, आणि कोणती वस्तू कुठे व का हे ताट मांडणाऱ्या बाईंनाच विचारा. मुलाखतीत सणांची जुनी मराठी नावं येतील: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. ती तशीच लिहा, हिब्रू नाव शेजारी द्या.

बहुसंख्य कुटुंबं १९४८ नंतर इस्रायलला गेली. अल्बम आता दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, रामले इथे आहेत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायला मराठीच उपयोगी पडते. फोटोची मूळ प्रत मागून घेऊ नका. तिथेच, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय नक्कल करा. मागच्या बाजूचा स्टुडिओचा शिक्का चुकवू नका, कारण बहुतेक वेळा तारखेचा एकमेव धागा तोच असतो.

लिखित साधनांत १८८० च्या दशकातली कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांची गॅझेटियर आधी पाहा. त्यांत बेने इस्रायलांवर विस्तृत टिपण आहे, पण लिहिणारा इंग्रज प्रशासक आहे हे विसरू नका. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातलं ज्यू कला केंद्र बेत्सालेल नार्किस यांनी १९७९ मध्ये उभं केलं. केंद्राची चित्रसूची इंटरनेटवर मोफत पाहता येते आणि भारतातल्या सिनेगॉगच्या नोंदीही तिथे आहेत. कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचा अंतर्भाग इस्रायल म्युझियममध्ये हलवलेला आहे. समाजाच्या जुन्या वह्या मोडी लिपीतल्या निघाल्या तर मोडी वाचणाऱ्याला सुरुवातीपासूनच सोबत घ्या.

वर्गात शिकवताना

दीड-दीड तासाच्या सहा तासिका पुरतात आणि वर्गात २५ हून जास्त मुलं नसावीत. पहिल्या तासाला धर्माची ओळख करून देत बसू नका. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या सचित्र मराठी-हिब्रू हगादाचं पान पडद्यावर लावा. हगादा म्हणजे पेसाख या सणाच्या रात्री, सेदेर या विधीच्या जेवणाच्या वेळी, वाचायचं पुस्तक. मुंबईत १८४६ मध्ये ती मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली होती. पुण्याच्या हगादेत चित्रं आली आणि त्यांत बेखमीर भाकरी करणाऱ्या साडीतल्या बायका आल्या. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने दिसणाऱ्या २० गोष्टी लिहायच्या: कोण कसं बसलंय, भांडी कोणती, हातात काय, अक्षरं कुठे. चित्राचं नाव आणि वर्ष यानंतरच सांगायचं. आधी सांगितलं की मुलं पाहायचं थांबवतात.

दुसऱ्या तासाला शेजारी १६९५ ची अ‍ॅमस्टरडॅम हगादा ठेवा. तिची तांब्यावर कोरलेली चित्रं माथेउस मेरियन या ख्रिस्ती कलाकाराच्या बायबल-चित्रांवरून घेतलेली होती, आणि पुढे दोनशे वर्षं ज्यू छापखान्यांनी तिच्या नकला केल्या. आता मुलांना विचारा: पुण्याच्या चित्रांतलं काय बाहेरून आलेलं वाटतं, काय इथल्या स्वयंपाकघरातलं? उत्तरासाठी पुरावा चित्रातच दाखवायला लावा. इथून 'ज्यू कला कशाला म्हणायचं' ही चर्चा आपोआप निघते. ओहेल दावीदचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. व्हिएन्नाहून निर्वासित होऊन आलेला इमॅन्युएल श्लेसिंगर मुंबईत प्रोग्रेसिव्ह या आधुनिक चित्रकारांच्या गटाची चित्रं विकत घेत होता. मुंबईत जन्मलेल्या, अमेरिकेत राहणाऱ्या बेने इस्रायल चित्रकार सियोना बेंजामिन निळ्या कांतीच्या स्त्रिया रंगवतात. या तिन्हींना एकच व्याख्या लावून बघा, ती कुठे फाटते हे मुलांना दिसतं.

तिसरा आणि चौथा तास अक्षरमूल्यं आणि तारखांचा. कागदावर दहा तारखा द्या, त्यांतल्या तीन मुद्दाम १५, १६ आणि तिश्रीच्या. पाचवा प्रत्यक्ष भेटीचा: २५ मुलांचे पाच गट, प्रत्येकाला एकच पाटी किंवा एकच कबर. सहाव्याला प्रत्येक गट आपलं वाचन दुसऱ्या गटाकडून तपासून घेतो.

भेटीच्या दिवशी समाजातल्या माणसाला मुलांसमोर उभं करून 'तुमच्याबद्दल सांगा' म्हणू नका. आधी चहाला भेटा, काय बोलायला आवडेल ते विचारा, मानधन द्या. नाझी संहाराचा उल्लेख येईल तेव्हा तो नीट शिकवा, पण तो या विषयाचा आरंभ करू नका. कोकणातल्या या समाजाचा इतिहास त्याच्याभोवती फिरत नाही.

काम संपलं की फोटोंच्या तीन प्रती करा: एक तुमच्याकडे, एक वेगळ्या शहरात, एक विश्वस्तांकडे. विश्वस्तांच्या प्रतीबरोबर सगळ्या कबरींची नावं, रांग आणि तारखा यांची छापील मराठी यादी द्या. अश्दोदहून कुणी नातू आजोबांची कबर शोधत आला, तर रखवालदार त्या यादीवर बोट ठेवून त्याला थेट रांगेपर्यंत नेऊ शकेल.